गाडीतले सुटे जीपीएस यंत्र : आज घेण्यात अर्थ आहे का?

चक्रधर

नमस्कार. माझे वय सदुसष्ट आहे. निवृत्तीनंतर आम्ही उभयता महिन्यातून एकदा तरी पुण्याहून गुहागरजवळच्या गावच्या घरी स्वतःच्या गाडीने जातो. बहुतेक वेळा ताम्हिणीने माणगावला उतरून महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण असा मार्ग धरतो. कधी कराडवरून कुंभार्ली घाटाने जातो. रस्ता दाखवण्याचे काम आजवर माझा मोबाइल करीत आला, परंतु मागच्या दोन खेपांत त्याने ऐन वेळी हात टेकले. एकदा ताम्हिणीत रेंज गेल्यावर मी चुकीच्या फाट्याला वळलो आणि त्यानंतर पडद्यावर नुसता करडा चौकोन उरला. दुसऱ्यांदा चिपळूणच्या गर्दीत नेमक्या वळणावर मुलीचा फोन आला आणि तिच्या छायाचित्रामागे नकाशा दडून गेला.

अमेरिकेतला भाचा त्याच्याकडे पडून असलेले, काचेला चिकटवायचे गार्मिनचे यंत्र मला देऊ म्हणतो. ते घ्यावे, इथेच नवे विकत घ्यावे, की मोबाइलशीच जुळवून घ्यावे? ज्यांनी असे यंत्र घाटांत आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी गुणदोष सांगावेत अशी विनंती आहे.

घाटमाथा

चक्रधर, मी असे यंत्र 2011 पासून आठ वर्षे वापरले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपला मोबाइल ताम्हिणीत ‘हरवला’ तो जीपीएस बंद पडल्यामुळे नव्हे. उपग्रहांचे संदेश सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून थेट येतात आणि त्यांना मोबाइलच्या मनोऱ्याची गरज नसते. किमान चार उपग्रह ‘दिसले’ की यंत्राला स्वतःची जागा कळते. रेंज गेली की येईनासा होतो तो नकाशा, कारण मोबाइल तो तुकड्या-तुकड्याने इंटरनेटवरून मागवीत असतो. म्हणजे आपण कुठे आहोत हे मोबाइलला ठाऊक होते; ती जागा कशावर दाखवायची, हा प्रश्न होता. सुट्या यंत्रात संपूर्ण देशाचा नकाशा आधीच भरलेला असतो, त्यामुळे चुकीच्या फाट्याला वळले तरी ते काही क्षणांत नवा मार्ग आखून देते. हा त्याचा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा गुण.

दुसरा गुण म्हणजे ते एवढे एकच काम करते. त्याला फोन येत नाही, लग्नाची निमंत्रणे येत नाहीत, आणि कुटुंबाच्या गटावरचे सुप्रभातही येत नाही. पडदा उन्हात वाचता यावा आणि आवाज खिडक्या उघड्या असतानाही ऐकू यावा, या हिशेबाने त्याची घडण झालेली असते. आपल्या वयात ‘दोनशे मीटरवर डावीकडे’ हे नजर रस्त्यावरून न हलवता कळणे किती मोलाचे आहे, ते मी आपल्याला सांगायला नको. उच्चारांची मात्र सवय करून घ्यावी लागते. माझ्या यंत्रातील बाईंनी आठ वर्षांत एकदाही ‘कणकवली’ नीट म्हटले नाही.

आता दोष, आणि तो किरकोळ नाही. यंत्रातील नकाशा ज्या दिवशी भरला त्या दिवशीचाच राहतो. शिवडी ते न्हावाशेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्याआधीचा नकाशा असलेले यंत्र घेऊन त्यावरून गेलात, तर गाडी भर समुद्रात चालली आहे असे दिसेल आणि यंत्र आपल्याला परत फिरण्याची विनवणी करीत राहील. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. जुन्या नकाशात तिथे शेते आहेत. आपला तर रोजचा रस्ताच मुंबई–गोवा महामार्ग! त्याचे चौपदरीकरण इतकी वर्षे चालले आहे की आज एक बाजू खुली, उद्या दुसरी, मध्येच सर्व्हिस रोड, असा प्रकार असतो. कशेडीला आता बोगदा आहे, पण जुना नकाशा आपल्याला इमानेइतबारे घाटाच्या वळणांवरून वर नेईल. चूक नाही, पण उगीच.

खाडीकाठ

एक छोटी पण कामाची सूचना. यंत्र कोणतेही घ्या, त्यातले ‘फेरीबोट टाळा’ हे सेटिंग आधी तपासा. दापोलीहून गुहागरला येताना दाभोळ ते धोपावे अशी खाडी फेरीबोटीने गाडीसह ओलांडता येते. ते सेटिंग चालू राहिले, तर यंत्र आपल्याला खेड–चिपळूणमार्गे शंभरेक किलोमीटर फिरवून आणते आणि तेही अगदी आत्मविश्वासाने. आमच्याकडे आलेले पाहुणे असे दोनदा संध्याकाळी सहाऐवजी रात्री नऊला पोचले आहेत.

हिशेबनीस

घाटमाथा यांनी यंत्राची बाजू आपुलकीने मांडली आहे. मी दुसरी बाजू मांडतो, कारण भाच्याच्या यंत्राबाबत मला शंका आहेत.

पहिली शंका नकाशाची. अमेरिकेत विकलेल्या यंत्रात बहुधा उत्तर अमेरिकेचेच नकाशे असतात आणि भारताचा नकाशा वेगळा विकत घेऊन भरावा लागतो. यंत्र फुकट मिळेल, पण नकाशाचे पैसे द्यावे लागतील, आणि यंत्र फार जुने असेल तर त्यात तो नकाशा मावेल की नाही हेही पाहावे लागेल. खोक्यावर ‘आजीवन नकाशे’ असे लिहिले असेल तर हरखून जाऊ नये. आयुष्य आपले नव्हे, यंत्राचे धरलेले असते, आणि ते केव्हा संपले हे कंपनी ठरवते. टॉमटॉमने 2018 मध्ये आपल्या काही जुन्या यंत्रांना यापुढे नवे नकाशे मिळणार नाहीत असे जाहीर केले, तेव्हा ‘आजीवन’ या शब्दाचा अर्थ अनेक ग्राहकांना प्रथमच कळला.

दुसरी शंका वयाची. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी 1023 पर्यंतच जाते आणि पुन्हा शून्यावर येते. असा फेरा 6 एप्रिल 2019 रोजी पूर्ण झाला. ज्या जुन्या यंत्रांची आज्ञावली त्यासाठी सुधारलेली नव्हती, त्यांत तारीख सुमारे वीस वर्षे मागे गेली. आज्ञावली अद्ययावत केलेली आहे ना, एवढे भाच्याला विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट सुरुवातीच्या खोळंब्याची. सुटे यंत्र महिनाभर कपाटात राहिले, की ते सुरू केल्यावर प्रत्येक उपग्रहाची ताजी कक्षा त्याला आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते. तो मजकूर दर तीस सेकंदांनी पुन्हा प्रसारित होतो, आणि सगळ्या उपग्रहांची पूर्ण यादी मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. मोबाइल हीच माहिती इंटरनेटवरून निमिषात मिळवतो. इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये यंत्र सुरू करून लगेच निघालात, तर चांदणी चौक येईपर्यंत ते ‘उपग्रह शोधत आहे’ एवढेच सांगत राहण्याची शक्यता आहे. मोकळ्या जागी गाडी उभी करून पाच मिनिटे थांबावे.

बोगदे आणि उड्डाणपूल यांबाबत दोघेही सारखेच. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, आणि आपण पुलावर आहोत की पुलाखाली हे दोघांनाही नीटसे कळत नाही. खंडाळ्यात जिथे द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग शेजारून जातात, तिथे दहा-पंधरा मीटरच्या चुकीनेसुद्धा यंत्र आपल्याला शेजारच्या रस्त्यावर नेऊन बसवते.

परदेशस्थ

मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये आहे. मोबाइलवर नकाशे येण्यापूर्वी इथे जवळजवळ प्रत्येक गाडीत हे यंत्र असे आणि काच फोडून ते पळवणारेही तितकेच असत. यंत्र काढून नेले तरी काचेवर रबरी चकतीचा गोल ठसा उरतो आणि चोराला तेवढे पुरते, म्हणून ठसाही पुसून ठेवावा असे पोलीस सांगत. आता चोरीची भीती कमी झाली, कारण यंत्रेच कमी झाली.

एक फरक मात्र भारतात गाडी चालवताना फार जाणवतो. ही यंत्रे शहर, रस्ता, घरक्रमांक अशा क्रमाने पत्ता मागतात. इथे ते चालते. माझ्या आजोळचा पत्ता ‘पिंपळाच्या पारासमोर, सड्याकडे जाणाऱ्या पाखाडीवर’ असा आहे. तो कोणत्या रकान्यात भरायचा? उपाय एकच : एकदा घरासमोर गाडी उभी करून ती जागा यंत्रात साठवून ठेवायची, किंवा अक्षांश-रेखांश थेट टाकायचे. बहुतेक यंत्रांत तशी सोय असते, पण ती तिसऱ्या-चौथ्या पडद्याआड लपलेली असते.

चक्रधर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन उपप्रश्न. गाडी चालवताना मोबाइल वापरल्यास दंड होतो असे ऐकले आहे. मग नकाशासाठी वापरला तरी होतो का? आणि वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बंद करतात, ते या यंत्राला कळते का?

हिशेबनीस

पहिल्याचे उत्तर : 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या सुधारित केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार वाहन चालवताना हातातील संपर्कसाधन केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरता येते आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. हातात धरून बोलणे निषिद्धच आहे. तेव्हा मोबाइल स्टँडवर लावावा, आणि पत्ता निघण्यापूर्वी टाकावा. स्टँड काचेच्या मधोमध लावून रस्ताच झाकू नये, हे सुट्या यंत्रालाही लागू आहे.

घाटमाथा

दुसऱ्याचे उत्तर : नाही, कळत नाही. वरंध घाट दरडींमुळे पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने बंद होतो. त्या आदेशाची वाट सुट्या यंत्रापर्यंत जातच नाही. मोबाइलला कधी कळते, कधी कळत नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात रात्री नकाशाच्या भरवशावर निघालेली एक मोटार धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली आणि चालकाचा मृत्यू झाला. नकाशात पूल होता आणि जमिनीवरही होता, फक्त पाण्याखाली होता. रात्रीच्या वेळी अनोळखी आडवाटेने ‘बारा मिनिटे वाचतील’ असे कोणतेही यंत्र म्हणाले, तर मी ती बारा मिनिटे खुशाल खर्च करतो.

हिशेबनीस

आता माझा प्रत्यक्ष सल्ला. घरात जुना, सिमकार्ड काढलेला मोबाइल असेल तर तोच सुटे यंत्र म्हणून वापरावा. घरच्या वायफायवर पुणे ते रत्नागिरी एवढ्या पट्ट्याचा नकाशा उतरवून ठेवावा. सिम नसल्याने फोन येणार नाही, आणि रेंज नसली तरी नकाशा राहील. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, म्हणून दर खेपेच्या आदल्या दिवशी तो ताजा करावा. वाहतुकीची कोंडी त्यात दिसणार नाही. ती वहिनींच्या मोबाइलवर पाहता येईल. एक पथ्य मात्र पाळावे : गाडी उन्हात उभी करताना तो काचेजवळ सोडू नये. आयफोनसाठी कंपनीने वापराची मर्यादा 35 अंशांपर्यंत सांगितली आहे आणि मे महिन्यात बंद गाडीतील काचेजवळची जागा तिच्या कितीतरी पुढे जाते. जुनी बॅटरी त्यात फुगते. स्टँड एसीच्या झडपेवर लावला, तर चालू गाडीतही तो थंड राहतो.

चक्रधर

हे पटले. भाच्याला यंत्र आणू नको असे कळवले. त्याच्या बॅगेत तेवढी जागा चकल्यांसाठी राहील. मुलीचा जुना मोबाइल कपाटातून काढून त्यात पट्टा उतरवून घेतला, आणि काल ताम्हिणीपर्यंत जाऊन पाहिले. डोंगरवाडीच्या पुढे रेंज गेली तरी नकाशा हलला नाही. मग खाडीकाठ यांची सूचना आठवली म्हणून सेटिंग उघडले. ‘फेरीबोट टाळा’ चालू होते. बहुधा गेली चार वर्षे माझ्या नेहमीच्या मोबाइलमध्येही ते तसेच असावे, कारण दापोलीच्या साडूंकडून गुहागरला जाताना आम्ही दर वेळी चिपळूणवरूनच जात आलो आहोत.

खाडीकाठ

मग या खेपेला दाभोळवरून या. निघण्यापूर्वी शेवटच्या फेरीची वेळ फोनवर विचारून घ्या, आणि बोटीत गाडी चढवल्यावर हँडब्रेक लावायला विसरू नका.