मदत हवी आहे: एक कमी भरतेय (तातडीचं)

फिरस्ता७७:
मंडळी, लवकर सांगा. बाराच्या जागी अकराच भरतायत. तीनदा मोजल्या. अ‍ॅपवर ठिपका दिसतोय, पण तिथे जाऊन बघितलं तर कोणी नाही. समन्वयक बाई फोन उचलत नाहीत. दीड तास झाला. काय करू?

कराडकर:
बारा काय? शेळ्या, म्हशी, पोरं? आणि आहात कुठे?

फिरस्ता७७:
गायी हो. इंग्लंड, सरी. इथे हीथवर, म्हणजे हेदर आणि काटेरी गॉर्सच्या झुडपांच्या माळावर, संस्थेच्या गायी मोकळ्या चरतात. आम्ही स्वयंसेवक आळीपाळीने रोज जाऊन मोजतो, कोणी लंगडतेय का बघतो, पाण्याची टाकी बघतो. आज माझी पाळी.

सांगलीची_काकू:
अरे, पेंडीची बादली वाजव. आमची कपिली दोन शेतं ओलांडून यायची.

डॉर्सेटवाली:
काकू, बादली नको! एकदा सवय लागली की पिशवी दिसेल त्या माणसाच्या मागे लागतात. फिरस्ता, ठिपका कधीचा आहे? गायीच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्याला रेंज नसली तर शेवटची जागाच दाखवत राहतो.

फिरस्ता७७:
सकाळी ९:१०. आता दीड वाजलाय.

डॉर्सेटवाली:
मग तो ठिपका कशाला धरून बसलास? गाभण आहे का कोणी?

फिरस्ता७७:
हो, एक आहे. फाटकावरच्या फळ्यावर लिहिलंय. सांगायचं राहिलं.

कराडकर:
घ्या! हे आधी नाही सांगायचं? व्यायला आलेली गाय कळप सोडून आडोसा धरते. झुडपांत बघा. सोबत कोण आहे?

फिरस्ता७७:
कुत्रा.

कराडकर:
कुत्रा घेऊन व्यायला टेकलेल्या गायीकडे? परत फिरा आधी. अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. कुत्रा पळेल, तुम्ही वाचाल.

पक्षीवेडा:
दोरी सोडायची नाही! मे महिना आहे. नाइटजार, वुडलार्क जमिनीवर घरटी करतात. मोकळ्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा २ मीटरच्या आत दोरीवर ठेवायचा कायदा आहे. आणि वाट सोडून झुडपांत शिरूही नका.

कराडकर:
पक्षीवेडे, गाय अंगावर आली की कायदा वाचून दाखवणार का तिला?

डॉर्सेटवाली:
दोघंही बरोबर. कुत्रा कोणाजवळ तरी ठेवून ये, गाडीत नको. उंचवट्यावरून दुर्बिणीने बघ. जात कोणती?

फिरस्ता७७:
बेल्टेड गॅलोवे. काळ्या, पोटावर पांढरा पट्टा. बिनशिंगाच्या.

देशीगोवंश:
विलायती गायींच्या दुधात बऱ्याचदा ए-वन (A1) प्रथिन असतं. आपली खिल्लार...

फिरस्ता७७:
दादा, दूध कोणी काढतच नाही. चरायलाच ठेवल्यात. नाहीतर बर्च आणि पाईन वाढून हा माळ दहा-वीस वर्षांत रान होईल.

मॅंचेस्टरचा_मिलिंद:
असं काम विद्यार्थी व्हिसावर करता येतं का?

सांगलीची_काकू:
गोचीड लागतात का रे तिथे? घरी गेलास की गुडघ्यामागे बघ.

डॉर्सेटवाली:
काकूंचं ऐक. हेदरमध्ये गोचीड भरपूर, चावली तर माणसाला लाइम नावाचा आजार होऊ शकतो. गायीची लघवी लाल दिसली तर लगेच कळव, गोचीडताप असू शकतो.

फिरस्ता७७:
सापडली! बर्चच्या दाटीत बसून रवंथ करतेय. पांढरी खोडं, काळ्या भेगा, त्यात तिचा पांढरा पट्टा. पायवाटेवरून तीनदा तिच्या समोरून गेलो असेन. शेपटीने माशा हाणल्या तेव्हा कळलं. दुर्बिणीतून कानातला पिवळा बिल्ला वाचला, तीच.

कराडकर:
व्याली का पण?

फिरस्ता७७:
नाही. कास मात्र टम्म दिसतेय. बाईंना मेसेज टाकलाय.

डॉर्सेटवाली:
वहीतही लिही. "बारा ठीक" एवढंच नको, जागा आणि वेळही. उद्या येणारा तिथूनच सुरुवात करेल.

मॅंचेस्टरचा_मिलिंद:
व्हिसाचं कोणी सांगेल का?