नववीचे मार्क खरंच बघतात का? (भाचा नाशिकला, अर्ज अमेरिकेत)

अनघा, एडिसन

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीची चर्चा चालू असताना मध्येच घुसतेय, माफ करा. माझा भाचा नाशिकला असतो. दहावीला ९१ टक्के, आता अकरावी सायन्स. कॉलेज रोडला क्लास लावलाय, तो 'इंटिग्रेटेड', म्हणजे ज्युनिअर कॉलेजात नाव आणि मुक्काम क्लासमध्ये. आत्तापर्यंत जेईई-जेईई चाललं होतं, आता म्हणतो, "मावशी, बारावीनंतर तिकडेच येतो."

इथले फॉर्म उघडले तर नववीपासूनचे मार्क मागतात. ताईला फोन केला तर ती हसायलाच लागली. "नववी कोण बघतं गं? बोर्ड असतं का नववीला?" खरी गोम पुढेच आहे. नववीत त्याला ५८ टक्के आहेत, कारण ते अख्खं वर्ष गोल्फ क्लबच्या मैदानावर गेलं. कितपत अडेल?

सुहासकाका, पूर्वी डेट्रॉईट, आता गंगापूर रोड

अनघा, ताईला हसू नकोस. ती इथल्या हिशोबाने शंभर टक्के बरोबर आहे.

इथे मार्कांचा उपयोग टप्प्याटप्प्याने संपत जातो. दहावीचे 'बेस्ट ऑफ फाईव्ह' अकरावीच्या यादीत लागतात. केटीएचएम कॉलेज की आरवायके, हे ठरलं की त्यांचं काम झालं. बारावीचं तर त्याहून गमतीचं. राज्यातल्या इंजिनिअरिंगला खुल्या गटात पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५ टक्के मिळाले की पात्र, पुढे सीईटीचं पर्सेंटाईल. एनआयटीला ७५ टक्क्यांची अट आहे, पण तीही उंबरठ्याचीच. नंबर जेईईवर लागतो. मग पोरं वर्गात कशाला बसतील? शेजारचा मुलगा बारावीत आहे, त्याला वर्गशिक्षकांचं नाव विचारलं तर आठवेना! आणि अकरावी? ती इथे पिढ्यान्‌पिढ्या 'आरामाचं वर्ष' आहे. आम्ही तरी दुसरं काय केलं होतं म्हणा.

तिकडचं मीनल सांगेल. तिच्या लेकीचं गेल्या वर्षीच झालंय.

मीनल, फ्रीमाँट

काका, 'आरामाचं वर्ष' वाचून पोटात गोळा आला. इथे सगळ्यात जड वर्ष अकरावीच! अर्ज १ नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात आणि उत्तरं साधारण मार्चअखेर येतात. महाराष्ट्र बोर्डाचा बारावीचा निकाल मे महिन्यात. म्हणजे अनघाच्या भाच्याचा अर्ज वाचतील तेव्हा बारावीचे मार्क जन्मालाच आलेले नसतील, असतील ते शिक्षकांनी दिलेले अंदाजी. पुरे झालेलं शेवटचं वर्ष अकरावी. त्याला आजपासून कॉलेजच्या परीक्षा मनापासून द्यायला सांग, क्लासच्या टेस्ट इथे कुणी विचारत नाही.

नववीचं म्हणशील तर ५८ने दार बंद होत नाही. चढता आलेख दिसतो, आणि तो बघतात. आमच्या यूसीत (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) तर जीपीए, म्हणजे चारच्या मापातली ग्रेडची सरासरी, काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच विषय धरतात. नववी नोंदवायची, पण बेरजेत नाही. मात्र सगळीकडे असं नसतं, आणि नववी लपवायची तर मुळीच नाही.

अजून एक. टक्क्यांचा जीपीए घरी बसून काढू नका. आमच्या ओळखीत एकांनी ९१ भागिले २५ करून ३.६४ लिहिला. बोर्डाचे ९१ म्हणजे इथली चक्क 'ए', चारपैकी चार; त्यांनी स्वतःच्या हाताने पोराला खाली ओढलं. टक्के टक्केच लिहा, शंभरपैकी. वाचणाऱ्याला भारतातलं बोर्ड काय असतं ते कळतं.

आणि अर्जासोबत एक फॉर्म शाळेच्या काउन्सेलरने, म्हणजे मार्गदर्शकाने, भरायचा असतो. काउन्सेलर नाही म्हणून घाबरू नका. तो फॉर्म प्राचार्य किंवा एखादे शिक्षकही भरू शकतात. पण त्या शिक्षकांनी मुलाला पाहिलेलं हवं!

अनघा, एडिसन

मीनल, शेवटचं वाक्य बरोबर जागी लागलं. भाचा सोमवारपासून कॉलेजात बसणार आहे. इंटिग्रेटेडची भरलेली फी परत मिळणार नाही म्हणून भावजी फुरंगटलेत, ते वेगळंच.

अडचण दुसरीच निघाली. नववी-दहावी शाळेत, अकरावी कॉलेजात, त्यामुळे मार्कांचे सही-शिक्क्याचे कागद दोन ठिकाणांहून आणायचे. दहावीचं मार्कशीट लॅमिनेट करून देवघराशेजारी लावलंय. नववीचं प्रगतिपुस्तक सापडेना. काल ताईने व्हिडिओवर माळा उघडून दाखवला. दिवाळीच्या पितळी समया त्याच्यात गुंडाळून ठेवलेल्या! विज्ञानाच्या रकान्यावर तेलाचा गोल डाग, पण ४१ वाचता येतंय.

आज ताई ते घेऊन शाळेत गेली. क्लार्कने दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "दहावीचं पाहिजे असेल ना, ताई?" "नाही हो, नववीचंच." "नववीचं?" त्याने शेजारच्या टेबलावरच्या बाईंनाही बोलावून दाखवलं. सही-शिक्क्याची प्रत गुरुवारी देतो म्हणालाय.