जलमार्गाने होणारी मालवाहतूक हवेसाठी खरोखर स्वच्छ असते का?

प्रश्न :
रस्त्यावरचा माल नद्यांतून आणि किनाऱ्यालगतच्या जहाजांतून नेला तर प्रदूषण घटेल, असे वारंवार सांगितले जाते. त्याच वेळी जहाजांचे इंधन अत्यंत गलिच्छ असते, असेही वाचनात येते. बंदराजवळ किंवा नदीकाठी राहणाऱ्यांच्या फुप्फुसांचा विचार करता यांपैकी काय खरे मानावे?

उत्तर १ :
दोन्ही विधाने खरी आहेत; ती वेगवेगळ्या वायूंविषयी आहेत, एवढेच. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर नेण्यास भरलेल्या जहाजाला ट्रकपेक्षा सहसा बरेच कमी इंधन लागते, म्हणून कार्बन डायऑक्साइड कमी निघतो. गंधकाची व नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण यांचे प्रमाण मात्र इंधनाचा दर्जा, इंजिनाची रचना आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा यांवर ठरते. समुद्री इंधनातील गंधकाची सर्वसाधारण मर्यादा मार्पोल या जहाजांचे प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सहाव्या परिशिष्टाने १ जानेवारी २०२० पासून ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणली, ही मोठी सुधारणा होय. बाल्टिक आणि उत्तर समुद्रासारख्या, जहाजांच्या धुरावर अधिक कडक नियम असलेल्या नियंत्रण क्षेत्रांत ती २०१५ पासून ०.१ टक्का आहे. तरीही युरोपातील रस्त्यावरच्या डिझेलशी तुलना केल्यास ही कडक मर्यादासुद्धा शंभरपट सैल ठरते, आणि किनाऱ्यालगत चालणाऱ्या जहाजाचा धूर वाऱ्याबरोबर थेट वस्तीवर येतो.

उत्तर २ :
नदीतील जहाजांचे गणित निराळे आहे. युरोपीय संघात त्यांना २०११ पासून रस्त्यावरच्या डिझेलइतकेच कमी गंधकाचे इंधन वापरावे लागते, त्यामुळे तेथे गंधकाचा प्रश्न जवळजवळ मिटला. उरते ते इंजिनाचे वय. ट्रक काही वर्षांत बदलला जातो, पण नदीतील जहाजाचे इंजिन दुरुस्त करत करत अनेक दशके चालवले जाते, आणि उत्सर्जनाचे नवे नियम प्रामुख्याने नव्या इंजिनांनाच लागू होतात. शिवाय प्रवाहाविरुद्ध जाताना इंधन जास्त जळते, आणि नद्या तर शहरांच्या मधूनच वाहतात. एकच जहाज बाळगणाऱ्या मालकाला नव्या इंजिनाचा खर्च झेपत नाही. म्हणून जलमार्गांना प्रोत्साहन देणाऱ्या शासनाने इंजिन बदलण्यासाठी अर्थसाहाय्य दिलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. धूर धुऊन काढणारी यंत्रणा, म्हणजे स्क्रबर, बसवल्यास जुनेच जास्त गंधकाचे इंधन वापरता येते असे समजले. हा उपाय पुरेसा आहे का?

उत्तर ३ :
माझ्या मते नाही, निदान किनाऱ्याजवळ तरी नाही. खुल्या पद्धतीच्या स्क्रबरमध्ये समुद्राचे पाणी धुरावर फवारले जाते. गंधकाची ऑक्साइडे त्यात उतरतात आणि ते आम्लयुक्त, जड धातूंचे अंश असलेले पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. अनेक बंदरांनी त्यावर बंदी घातली आहे, ती योग्यच आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर तर त्याचा फारसा परिणामही होत नाही. त्यासाठी युरियाच्या द्रावणावर चालणारी वेगळी उत्प्रेरक यंत्रणा लागते.

बंदराजवळच्या रहिवाशांनी धक्क्यावर उभ्या असलेल्या जहाजांकडेही लक्ष द्यावे. मुख्य इंजिन बंद असले तरी दिवे, पंप आणि शीतकंटेनर यांच्यासाठी साहाय्यक इंजिने तासन्‌तास चालू राहतात. जहाजाला किनाऱ्यावरून वीज पुरवली तर ती बंद ठेवता येतात. आपल्या बंदरात अशी जोडणी आहे का आणि येणारी जहाजे ती प्रत्यक्षात वापरतात का, हे दोन्ही प्रश्न बंदर प्रशासनाला लेखी विचारावेत, कारण जोडणी असूनही ती न वापरणे हे पुष्कळदा घडते.