समुपदेशक संपूर्ण कुटुंबाला का बोलावतात?

प्रश्न (तासगाव): अवकाळी पावसाने द्राक्षबाग गेल्यापासून माझे थोरले बंधू रात्र रात्र जागतात, कोणाशी बोलत नाहीत. सांगलीतील समुपदेशकांनी पुढील भेटीस वहिनी आणि आईलाही आणण्यास सांगितले आहे. त्रास दादांना असताना सर्वांनी जाणे आवश्यक आहे काय?

उत्तर (मिरज): अवश्य जावे. माझ्या वडिलांच्या वेळी समुपदेशिकेने झोप, जेवण, कर्जाचे हप्ते, घरात कोण कोणाशी किती बोलते, हे सारे विचारले, आणि तेव्हा कोठे आम्हाला उमगले की आमची काळजीच त्यांना सतत जाब विचारल्यासारखी वाटत होती. दादा एकांतात जे सांगतील ते मात्र त्यांच्या संमतीविना तुमच्यापुढे येऊ नये. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करून घ्यावे.

उत्तर (सातारा): समुपदेशक औषधे लिहून देत नाहीत, म्हणून मनोविकारतज्ज्ञांनाही दाखवावे. जीव नकोसा झाल्याचे शब्द निघाले, तर दादांना एकटे सोडू नका, बागेची कीटकनाशके कुलपात ठेवा आणि १४४१६ या टेलि-मानस (शासनाची मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर फोन करा. तेथे मराठीतून, विनामूल्य, दिवसरात्र बोलता येते.

प्रश्नकर्ता: आईशी आजच बोलतो. कीटकनाशकांचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. खोलीला आत्ताच कुलूप लावले.