मदत हवी आहे : भावाला ४९व्या वर्षी अटॅक, मी कॅल्शियम स्कोअर करू की थेट सीटी अँजिओ?

नमस्कार मंडळी,

माझं वय ४६, राहणार सांगली. गेल्या दिवाळीत दादाला हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकला, आता तो बरा आहे. पण अटॅकच्या आठच महिने आधी त्याची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी काढतात ती चाचणी) झाली होती आणि ती नॉर्मल होती! डॉक्टर म्हणाले, रक्तप्रवाह अडण्याइतका मोठा ब्लॉकेज असेल तरच टीएमटीत बहुधा दिसतो. धमनीतली छोटी गाठ फुटून गुठळी झाली, तर ती चाचणी आधी काही सांगत नाही. तेव्हापासून ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकला तरी घरात कुणाला धीर येत नाही.

माझं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२, बीपी १३०/८४. शुगर नाही, तंबाखू नाही, जिने चढताना धाप लागत नाही.

आमचे फिजिशियन कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजायची चाचणी) कर म्हणतात. साधा सीटी, डाय (धमन्या नीट दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) नाही, रेडिएशन कमी, पाच-दहा मिनिटांचं काम. शून्य आला तर उत्तम, १००च्या वर गेला तर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), ४००च्या वर म्हणजे धोका बराच. स्कॅन सेंटरवाले मात्र सीटी अँजिओच्या (धमन्यांतले ब्लॉकेज थेट दाखवणाऱ्या सीटीच्या) मागे लागलेत. त्यात डाय टोचतात, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, नाडी जलद असेल तर ती कमी करायची गोळी देतात. काहीच त्रास नसताना एवढं करावं का?

माझी खरी अडचण पुढे आहे. स्कोअरमध्ये फक्त कॅल्शियम धरलेली चरबी मोजली जाते, मऊ चरबी दिसतच नाही. २०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांमध्ये स्कोअर शून्य असेल तर स्टॅटिन लांबवता येतं असं आहे, पण मधुमेही, सिगारेट ओढणारे आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेले यांना त्यातून वगळलंय. सख्ख्या भावाला ५५च्या आत झाला, म्हणजे मी त्यातच आलो. मग शून्य येऊनही गोळी घ्यायचीच असेल तर चाचणी कशासाठी? बायको म्हणते, गोळी सुरू करा आणि मोकळे व्हा. मला जन्मभराची गोळी अशी अंदाजाने सुरू करायची नाही.

घरात असा इतिहास असताना कुणी हा स्कोअर केलाय का? शून्य आल्यावर डॉक्टरांनी काय सांगितलं? लिपोप्रोटीन-ए (रक्तातला आनुवंशिक चरबीचा एक प्रकार) ची रक्ततपासणी आधी करून घ्यावी का? गुरुवारी कार्डिओलॉजिस्टकडे जातोय, दादाही सोबत येणार आहे. त्यांना आणखी काय विचारू, तेही सुचवा.