कॉकाटील छातीची पिसं कुरतडतोय, उवांचा फवारा मारू का?

राखीतुरा: नर कॉकाटील (तुऱ्याचा छोटा पोपट), वय ४ वर्षं. छातीवर आणि मांड्यांवर नुसती राखाडी लव उरलीय. डोकं, तुरा शाबूत. पिंजऱ्याच्या तळाशी पिसांचे तुकडे पडतात. खाणं जवळजवळ सगळं राळा आणि सूर्यफुलाच्या बिया. पिसं झडायचा हंगाम आहे की उवा?

पंखवाला: दोन्ही वाटत नाही. झडताना पीस देठासकट अख्खं गळतं आणि कातडी उघडी पडत नाही. एक तुकडा भिंगाखाली धरा. दांडा चिरडलेला, टोक फाटलेलं असेल तर ते चोचीचंच काम. डोकं शाबूत म्हणजे तो स्वतःच कुरतडतोय, कारण तिथे चोच पोचत नाही. डोकंही उघडं पडलं असतं तर जोडीदार टोचतोय का ते बघावं लागलं असतं आणि पीबीएफडी या विषाणूजन्य रोगाची पीसीआर तपासणीही.

उवांचा फवारा नकोच. घरातल्या पक्ष्यात उवा-माइट हे कारण क्वचितच निघतं. शंका असेल तर रात्री पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका. तांबडे माइट (रात्री रक्त पिणारे बारीक जीव) असतील तर पहाटे त्यावर हलणारे ठिपके दिसतील. तेल, मलमही लावू नका. पिसं चिकटतात, ऊब जाते आणि पिसं साफ करताना ते चोचीतून पोटात जातं.

दाणापाणी: आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. कॉकाटीलमध्ये जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीमुळे खाज सुटू शकते. एका नमुन्यात तो निसटू शकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवसांची ताजी विष्ठा तपासायला सांगा. जस्ताच्या मुलाम्याची जाळी चावत असेल तर तेही सांगा.

नुसत्या बियांत अ जीवनसत्त्व फार कमी. गाजर, रताळं, पालेभाजी, पेलेट (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या) हळूहळू वाढवा आणि रोज सकाळी खाण्याआधी १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करा. १०० ग्रॅमचा पक्षी ९० वर आला की लगेच जुन्या खाण्यावर या, डॉक्टरांना कळवा.

राखीतुरा: पिसांचे नवे कोंब फुटताहेत, तेही खुडतो. काल रक्त आलं.

पंखवाला: कोंबात रक्त खेळतं. तुटलेल्या टोकावर कॉर्नफ्लोअर लावून गॉजने २-३ मिनिटं हलकं दाबा, छाती आवळू नका. थांबलं नाही तर तडक दवाखाना. कोंब उपटू नका. सारखं उपटल्याने मूळ कायमचं निकामी होतं.

सकाळचीशीळ: रात्री १०-१२ तास अंधार. आठवड्यातून २-३ सकाळी कोमट पाण्याचा बारीक फवारा. दाणे साध्या कागदात गुंडाळून द्या, फाडायला चोच गुंतते. तो कुरतडताना त्याच्यावर ओरडू नका. कुरतडलं की तुम्ही जवळ येता हे त्याला चटकन कळतं. चोच पिसांपर्यंत पोचू न देणारी गळ्यातली कॉलर फक्त जखम असेल तर, डॉक्टरांनी बसवलेली.