झडीत पिल्लांच्या विष्ठेत रक्त, चार दिवसांत तीन गेली

अंगणखुराडे (इंदूर):
परसात कडकनाथ कोंबडीची ११ पिल्लं होती, वय ६ आठवडे. चार दिवसांत तीन गेली. आधी पंख फुगवून कोपऱ्यात बसतात, खाणं सोडतात, विष्ठेत रक्त पडतं, दुसऱ्या दिवशी खेळ संपतो. लासोटाचे, म्हणजे मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीचे, दोन्ही डोस झालेत. खाली भाताचं तूस आहे, झडीने ओलं झालंय. औषध कोणतं, किती? मेलेलं पिल्लू कुठे दाखवू? लेक रोज सकाळी पिल्लं मोजते, तिला काय सांगावं हेही सुचत नाहीये.

महूवाला:
वय, ओल आणि रक्त पाहता ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस वाटते. विष्ठेतून पडलेली जंतूंची अंडी ओल-उबेत एक-दोन दिवसांत पिकतात आणि चोचीवाटे परत पोटात जातात. म्हणून औषधाइतकंच तूस महत्त्वाचं. आजच सगळं काढा, कोरडं घाला. भांड्याखाली वीट ठेवा, पाणी सांडून तिथेच चिखल होतो.

अँप्रोलियम २०% भुकटी लिटरला १.२ ग्रॅम, पाच दिवस. रोज ताजं करा आणि दुसरं पाणी ठेवू नका. चमच्याने मोजू नका, सोनाराच्या काट्यासारखा छोटा वजनकाटा घ्या. हे औषध जंतूला बी१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यामुळे या पाच दिवसांत बी-कॉम्प्लेक्स दिलंत तर औषधाचा जोर कमी होतो. इथेच बहुतेकांचं चुकतं. रक्त थांबायला व्हिटॅमिन के चालतं. बसलेलं पिल्लू स्वतः पीत नाही. त्याला वेगळं, उबेत ठेवा आणि चोचीच्या कडेला ड्रॉपरने थेंब-थेंब पाजा. चोच उघडून ओतलं तर पाणी श्वासनळीत जातं.

मेलेलं पिल्लू महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. दोन पिशव्यांत गुंडाळून बर्फावर ठेवा, फ्रीझरमध्ये नको. गोठलं की आतडी पाहून काही कळत नाही. आतड्याच्या टोकाच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने भरलेल्या दिसल्या की शंका उरत नाही.

राऊचा शेजारी:
दादांचं बरोबर आहे, पण एक भर. हिरवी हगवण, मान वाकडी, धाप, असं दिसलं तर मानमोडी समजा. लस दिली होती म्हणून ती होतच नाही असं नाही. लासोटा २ ते ८ अंशांत न राहता दुकानातून उन्हात आली असेल तर फुकट. आजारी पिल्लांना आता लस टोचू नका.

एका रात्रीत बऱ्याच कोंबड्या पडल्या किंवा आसपास कावळेही मरताना दिसले, तर हात लावायचा नाही. सरळ पशुचिकित्सालयाला कळवा. डिसेंबर २०२०च्या अखेरीस इंदुरात असेच कावळे मरून पडले आणि नमुन्यांत बर्ड फ्लू निघाला.

मेलेली पिल्लं उकिरड्यावर टाकू नका, कुत्री नेतात. कमीत कमी तीन फूट खड्डा, वर चुना, मग माती.

तलंगवाल्या ताई:
नेहमीच्या फिनाइलने ही अंडी मरत नाहीत. फरशी घासून उकळतं पाणी ओता, मग कडक वाळवा. नवी पिल्लं आणायची घाई नको. आणलीत तर तीन आठवडे वेगळी, जमिनीपासून उंच जाळीवर ठेवा.

लेकीला खरं सांगा बाळा: पिल्लू मेलं, झोपलं नाही. खड्ड्यावर तिला मूठभर माती घालू द्या, मग हात साबणाने धुवून घ्या. मोजणं बंद करू नका. उरलेली आठही तिनेच मोजावीत, आणि कोणतं गप्प बसलंय ते तुम्हाला सांगावं. फुगून बसलेलं पिल्लू मोठ्यांआधी तिच्याच नजरेला पडेल.

अंगणखुराडे (इंदूर):
तूस काढलं, काटाही मिळाला. तिसरं पिल्लू सकाळचंच आहे, बर्फावर ठेवून आत्ता महूला निघतोय.